मागच्या सीटवरचे धोंडूदादा

धोंडूदादा गाडीत कधी पुढं बसले नाहीत. पुढची सीट रिकामी असो, मागं गुडघे टेकायला जागा नसो, ते मागचंच दार उघडायचे आणि सीटच्या बरोबर मधोमध बसायचे. "माझं काम मागं हाय," म्हणायचे. "पुढं बसून काय तुझं तोंड बघू?" आणि डोळे मिटायचे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा घाट बघायला लोक कुठून कुठून येतात. या माणसाने माझ्या गाडीतून तो घाट निदान पंधरा वेळा चढला-उतरला असेल, पण एकदाही बाहेर बघितलं नाही.

हल्ली मी गुजरातेत असतो. कारखान्याने बदली केली, आलो. इथले रस्ते पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ आहेत. मैलच्या मैल जा, स्टिअरिंगवरचा हात हलवायचं कारण नाही. अशा रस्त्यावर दादांनी बसवलेलं सामान माझ्या गाडीच्या पोटात नुसतं पडून असतं. आणि त्यांची आठवण येते ती नेमकी अशा सरळ रस्त्यावरच. वळणावर माणूस कामात असतो, सरळ रस्त्यावर काय करणार?

आठवण येते म्हणजे साधीसुधी येत नाही. मागच्या सीटवरून कुणीतरी "हं" म्हणेल म्हणून मी कान देतो. कुणी म्हणत नाही. मग रेडिओ लावतो.

तेव्हा मी बिरवाडीला खोली घेऊन राहत होतो. शेजारच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट ऑफिसर. लग्न नव्हतं, व्यसन नव्हतं, होती ती ही गाडी. जुनी, लांब नाकाची, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी सेडान. तिचं मूळचं मरतुकडं इंजिन काढून मी परदेशी गाडीचं थोरलं इंजिन बसवून घेतलं होतं, आरटीओचे कागद रीतसर करून. ताकद चौपट झाली. पण गाडीला ती पचेना. पाय जरा जास्त दिला की मागचं एकच चाक जागच्या जागी भिरभिरायचं, दुसरं ढिम्म. ओल्या रस्त्यावर तर गाडी निघायची पुढं आणि तोंड व्हायचं शेताकडे.

याला औषध एकच, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधे जो गोळा असतो, तो डिफरन्शियल. साधा काढून हा खास बसवला की एक चाक वायफळ फिरून सगळी ताकद वाया घालवत नाही. आम्ही गाडीवेडे त्याला एलएसडी म्हणतो; नशेच्या एका औषधाचंही नाव तेच. आईने एकदा फोनवर "मला चांगल्यातला एलएसडी पाहिजे" एवढंच ऐकलं आणि मामाला घेऊन चिपळूणहून थेट बिरवाडीला आली. तिला गाडीखाली वाकवून गोळा दाखवावा लागला.

पण कुठला बसवायचा? त्यात चार प्रकार, प्रत्येकाचे भक्त वेगळे, आणि इंटरनेटवर एकमेकांच्या उरावर बसलेले. मी चार महिने वाचून एक वही भरली होती. तेव्हा कारखान्यातल्या एका फिटरने सांगितलं, "साहेब, वही राहू द्या. पोलादपूरच्या पुढं उमरठच्या रस्त्याला धोंडूदादा म्हणून आहेत. मुंबईला शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात होते. आता गावाला शेती करतात आणि गाडीचं फक्त मागचं काम करतात. पुढच्याला हात लावत नाहीत."

तीन वळणं चढून वाडी लागते. तिसऱ्या वळणावर पत्र्याची शेड, शेडला लागून भाताची खाचरं. मी मुद्दाम इंजिनाचा आवाज काढत गेलो. शेडपुढे एक किडकिडीत माणूस रस्त्याकडे पाठ करून उभा होता. गाडी पार त्याच्या पाठीशी नेली तरी वळेना. मी इंजिन बंद केलं, तेव्हा वळला.

"बघितलं की ऐकू येत नाय," ते म्हणाले. नमस्कार वगैरे काही नाही. "बिरवाडीचा ना तू? वास येतोय." त्या दिवसापासून माझं नाव केमिकल पडलं. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मी मोठ्या हौसेने बॉनेट उघडलं. आत सगळं आरशासारखं पुसलेलं. भले भले तिथे दहा मिनिटं उभे राहतात. दादांनी मान वाकडी करून एकदा बघितलं आणि म्हणाले, "झाक. ऊन लागंल." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग मी वही काढली. त्यांनी ती हातात न घेता विचारलं, "भाजी कुठनं आणतोस?"

"महाडच्या बाजारातून."

"याच गाडीतनं?"

"हो."

"आई हाय? बसते यात? पावसात पण?"

"बसते."

"मंग ती वही आत ठेव," म्हणाले, आणि मागचं दार उघडलं. इथे मला एक कबूल करायला हवं. माझ्या गाडीत चपला घालून बसायची कुणाला परवानगी नव्हती, आईलासुद्धा. आत फिकट रंगाचे गालिचे होते. मी चाचरत तसं सांगितलं. दादांनी चपला काढल्या, बगलेत धरल्या आणि शांतपणे म्हणाले, "देवळात चाललोय का रे?" पुढे दीड वर्ष, प्रत्येक वेळी, तोच प्रश्न, त्याच आवाजात. मीही दर वेळी ओशाळायचो, पण नियम सोडला नाही.

घाट चढून उतरलो. खाली आल्यावर डोळे उघडून त्यांनी निकाल दिला. "तू वळणात शिरतोस आणि मंग घाबरतोस. आधी घाबर." म्हणजे ब्रेक वळणाच्या आधी, आत शिरून नाही.

"पण डिफरन्शियल कुठला बसवायचा, दादा?"

"तो गाडीला बसवायचा नसतो रे, माणसाला बसवायचा असतो. तुझं माप मिळालं नाय अजून. पुढच्या रजेला ये."

मी चिडलो. शिकलेला माणूस मी, चार महिने अभ्यास केलेला, आणि हा मला शिंप्यासारखा माप द्यायला बोलावतो. पुढच्या रजेला येणार नाही असं ठरवलं. पुढच्या रजेला सकाळी आठला मी तिसऱ्या वळणावर होतो.

मग तो नादच लागला. हळूहळू कळलं की माझ्या वहीतले चारही प्रकार दादांच्या बोलण्यात माणसं होऊन वावरतात. साधा डिफरन्शियल भोळा. "जे चाक फुकट फिरतं त्यालाच सगळं देतो. जे जमीन धरून बसलंय, ते उपाशी." प्लेटांवर चालणारा संशयी. जरा जोर लागला की दोन्ही चाकांना घट्ट धरतो. शर्यतीला उत्तम, पण बाजारात गाडी वळवताना कुरकुरतो, त्याच्या प्लेटा झिजतात, त्याचं तेल सारखं बदलत बसा. गिअरवाला शहाणा. कुठल्या चाकाखाली जमीन धरायला जागा आहे ते आतल्या आत ओळखतो आणि त्याच्याकडे ताकद सरकवतो, बोलत नाही. एक चाक हवेत गेलं तर मात्र त्याचं काही चालत नाही. "पण भाजी आणायला तू काय उडत जाणार हायस?"

चौथा प्रकार म्हणजे वेल्ड. गोळ्यातल्या गिअरांना वेल्डिंग मारून दोन्ही चाकं कायमची एक करून टाकायची. दोन्ही तेवढीच फिरणार, वळण असो की नसो. तीनपर्यंत सांगून झाले की दादा उठायचे आणि नळावर हात धुवायला जायचे. मी चौथ्याचं विचारलं की त्यांना ऐकू यायचं नाही. गाडीतला बारीकसा खडखडाट तीन वळणांवरून ऐकणाऱ्या माणसाला.

त्यांचे हात मात्र बघत राहावे असे होते. गोळ्यातलं तेल बोटावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे, हुंगायचे, आणि सांगायचे की ही गाडी कोण चालवतं. महाडला पूर आला त्या वर्षी गावातल्या निम्म्या गाड्यांच्या गोळ्यांत पाणी शिरून तेलाचा दुधाळ चहा झाला होता. लोक घरांतला चिखल उपसत होते, गाडीकडे कोण बघणार? दादा सामानाची पिशवी घेऊन रोज सकाळी महाडला जायचे आणि गल्लीत जी गाडी दिसेल तिच्याखाली शिरायचे. मालक कोण, विचारायचे नाहीत. एका बाईंना वाटलं चोर आहे, त्यांनी केरसुणी घेतली. दादा खालूनच म्हणाले, "बाय, मारायचं तर मार, पण तेल गळतंय, आधी ताट दे." हे मला त्या बाईंनीच सांगितलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते.

दर रविवारी ते सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचे. हात दुखतात म्हणून, असं सांगायचे. येताना एका कॅनमध्ये ते पाणी घरी आणायचे. घरी येईपर्यंत ते थंडगार व्हायचं. दादांच्या बायको, काकी, ते चुलीवर पुन्हा तापवायच्या आणि बडबडायच्या, "साधं पाणी तापवलं असतं तर काय बिघाडलं असतं?" पण तापवायच्या. आणि मी बघितलं होतं की दादा त्यात हात बुडवायचे नाहीत. कॅन रिकामा करून ठेवायचे, बस.

एकदा पुण्याहून एक तरुण आला. गाडी माझ्यासारखीच, जास्त भडक. म्हणाला, "काका, एलएसडीचा लाड नको. सरळ वेल्ड मारून द्या. मैदानात गाडी गोल फिरवायची आहे फक्त, व्हिडिओपुरती. नंतर काढून टाकू." दादांच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला, शेडमधून बाहेर पडले आणि खाचराच्या बांधावरून चालत पार पलीकडच्या झाडापर्यंत गेले. तो पोरगा अर्धा तास थांबून निघून गेला. दादा परतले नाहीत.

त्या दिवशी काकींनी मला ओटीवर चहा दिला आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या. "तुला नाय सांगितलं त्यानी?" म्हणाल्या. "कुणालाच सांगत नाय."

त्यांचा एकुलता एक मुलगा मंगेश. बापासारखाच गाडीवेडा, आणि गाडीही माझ्याच जातीची, जुनी, लांब नाकाची. त्यालाही मैदानात गाडी गोल फिरवून धूर काढायचा होता, पोरं जमवायची होती. दादा म्हणत होते, थांब, गिअरवाला शोधतो. त्याला धीर नव्हता. शेवटी दादांनी वेल्ड मारून दिलं. सुक्या मैदानावरच चालव म्हणाले, रविवार झाला की सोमवारी काढतो.

"आमच्यात काम झालं की गोळ्याला कुंकवाचं बोट लावतात ते," काकी म्हणाल्या. "मी करंडा घेऊन गेले तर म्हणाले, नको गो, हे काय काम नाय, तात्पुरतं हाय. सोमवारी पाऊस लागला. चिखळणी झालेली, लावणीला बायका सांगितलेल्या. म्हणाले, लावणी उरकू दे, चार दिवसांत काढतो. आता लावणी काय थांबते का रे? आणि चवथ्या दिवशी मीच पोराला धाडला घाटात, माझ्या भावाला आणायला."

ओल्या घाटात, वळणावर, दोन्ही चाकं हट्टाने एकसारखी फिरत राहिली आणि गाडी आडवी झाली. नशीब म्हणायचं तर एवढंच की डोंगराच्या अंगाला आपटली. मंगेशच्या गुडघ्याचा चुरा झाला. चालायला लागला, पण लंगडत.

"इस्पितळात ह्यानी काय बोलावं? 'सांगितलं होतं ना, सुक्यावर चालव.' येवढंच. पोरानी भिंतीकडं तोंड केलं. आठ वर्षं झाली, तोंड अजून तिकडंच हाय. दोनदा सवला नेला होता गुडघ्यासाठी. मंग पनवेलला गेला. मला फोन करतो. ह्यांचं नाव काढलं की ठेवतो."

आतल्या खोलीतली एक पत्र्याची पेटी काकींनी बोटाने दाखवली. अपघातानंतर दादांनी मुंबईच्या भंगारबाजारात खेपा घालून परदेशी गाडीचा एक गिअरवाला डिफरन्शियल मिळवला होता. त्याची भोकं जुळत नव्हती, दात जुळत नव्हते. दोन वर्षं महाडच्या एका लेथवर जाऊन जाऊन तो मंगेशच्या गाडीच्या जातीला बसेल असा केला. मग तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. "त्याला एकच पायजे," काकी म्हणाल्या. "पोरानी एकदा त्याच्या हातच्या गाडीतनं ही तीन वळणं चढून यावं. सॉरी-फिरी त्याच्या तोंडातनं निघायचं नाय. लोखंड घासायला सांग, घासंल."

हे सगळं ऐकून मी घरी गेलो, आणि खरं सांगतो, दोन दिवस मंगेशच्या गुडघ्याचा विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पेटीतल्या डिफरन्शियलचा. माझ्या जातीच्या गाडीला बसणारा. इतका चांगला मला जगात कुठे मिळणार नव्हता. गाडीचं वेड असं असतं, त्याला लाज नसते.

मी मागितला नाही, एवढी लाज राखली. पण दादांना माझं माप मिळालं होतं. थंडी संपत आली तेव्हा एका सकाळी घाटातून उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता आधी घाबरायला लागलास. गाडी ठेव चार दिवस." शेडमध्ये आलो तर पेटी तिथे आणून ठेवलेली. काकी दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"दादा, हा मंगेशचा आहे," मी म्हणालो.

"लोखंडाला काय नाव असतं?" ते फडकं सोडत म्हणाले. "पाच-सहा वर्षं तेल लावतोय मी ह्याला. पेटीत ठेवून मी मेलो तर भंगारात जाईल."

मी अजून एकदा नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मला तो हवा होता. एका बापाने वाट बघायची सोडली आणि माझी गाडी सुधारली, हे मला तेव्हाही कळत होतं. गुपचूप पाने पुढे करत राहिलो.

चार दिवस त्यांनी काम केलं. दातावर दात किती घासतो ते बघायला रंग लावून फिरवायचे, बघायचे, पुन्हा सोडायचे, कागदासारखी पातळ चकती घालायचे, पुन्हा फिरवायचे. चौथ्या दिवशी झाकण बसलं. "करंडा आण गो," त्यांनी हाक मारली. काकींना यायला वेळ लागला. दादा पाठीवर झोपून गाडीखाली सरकले आणि त्यांनी गोळ्यावर कुंकवाचा अंगठा उठवला.

मग घाट. त्याच गाडीने त्याच वळणांवर काय केलं हे मी लिहू शकणार नाही. पाय दिला की दोन्ही चाकं जमीन धरून, न बोलता, वळणातून उचलून बाहेर ठेवायची. मी मोठ्याने हसत होतो. मागून आवाज नाही. वर पोचून बघतो तर दादा झोपलेले. जागे झाल्यावर जरासे लाजले. "झोप लागली रे," म्हणाले. "म्हणजे बरोबर बसलाय." दीड वर्षात त्यांना माझ्या गाडीत झोप लागली ती त्या दिवशी.

त्यानंतर मला ती गाडी चालवताना मजा येईना. गाडी उत्तम, पण वळणावळणावर ती रिकामी पेटी आठवायची. शेवटी काकींकडून पत्ता घेतला आणि एका रजेला पनवेल गाठलं. मंगेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. एका नव्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भेटला. बापासारखाच किडकिडीत, उजवा पाय ओढत चालणारा. मी गाडी दाखवली आणि कुणाकडून आलो ते सांगितलं.

"मी त्यांच्या हातच्या गाडीत बसत नाही," तो म्हणाला.

"बसू नका. खालून बघा फक्त."

मग तो वाकडा पाय कसाबसा लांब करून फरशीवर आडवा झाला, मोबाइलचा उजेड धरून गाडीखाली गेला. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. बूट हलेनात.

"कुंकू लावलंय," आतून आवाज आला.

"हो."

"आमच्या गाडीला लावलं नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा, "हा गिअरवाला. हा शोधतो म्हणायचे तेव्हा. थांब म्हणायचे. मीच थांबलो नाही."

"हा तुमच्यासाठीच केला होता," मी म्हणालो. "पाच-सहा वर्षं पेटीत होता. मला द्यायला नको होता. मी घेतला."

बाहेर येऊन त्याने हात पुसले आणि किल्ली मागितली. दार उघडून बसणार, एवढ्यात माझ्या तोंडून सवयीने निघालं, "बूट..." आणि मी जीभ चावली. तो हसला. बापाचंच हसू, एका बाजूने. बूट काढून त्याने बाहेर नीट ठेवले.

त्याने गाडी घाटात नेली नाही, रस्त्यावरसुद्धा नेली नाही. तिथेच, पार्किंगच्या मधल्या मोकळ्या जागेत, स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवून अगदी हळू गोल फिरवायला लागला. वेल्ड मारलेली गाडी अशी फिरवली की मागचे टायर फरशीवर किंचाळतात. ही गप्प. एक फेरा, दोन फेरे, दहा फेरे. वॉचमन धावत आला, बघून मागे झाला. मंगेश काच खाली करून, कान बाहेर देऊन फिरतच राहिला. उतरला तेव्हा एवढंच म्हणाला, "त्यांचे हात दुखतात का अजून?" मी म्हणालो, "सवला जातात, पण हात बुडवत नाहीत. पाणी कॅनमधून घरी आणतात." बूट घालायला त्याला फार वेळ लागला.

त्याने काही कबूल केलं नव्हतं, म्हणून मी वाडीवर कुणाला सांगितलं नाही. जुलै आला. माझ्या बदलीचा कागद आला. सामान बांधत होतो तेव्हा फोन वाजला. "मंगेश बोलतोय. रविवारी महाडला उतरतो. गाडी आहे ना अजून?"

दादा त्यानंतरच्या थंडीत गेले. झोपेत गेले. मला फोन मंगेशनेच केला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या जुलैतल्या रविवारीच, आणि मला ते तसंच ठेवायचं आहे.

पाऊस बारीक पडत होता. पोलादपूर सोडल्यावर मी गाडी थांबवली आणि शेजारच्या सीटवर सरकलो. मंगेशने बूट काढले. तीन वळणं खालून वरपर्यंत दिसतात. वरच्या खाचरात लावणी चालली होती, बायका ओळीने वाकलेल्या, त्यांच्यात इरलं पांघरलेले दादा, रस्त्याकडे पाठ करून. आम्ही पहिल्या वळणात शिरलो तेव्हा ते रोप रोवत होते. दुसऱ्या वळणावर ते कंबर सरळ करून उभे राहिले, हातात रोपांची मूठ तशीच. मी एवढ्या वेळा त्या रस्त्याने आलो होतो, आणि इंजिन बंद होईपर्यंत तो माणूस कधी वळला नव्हता. तिसरं वळण यायच्या आधी दादा वळले. अजून काचेतून कोण आहे ते दिसत नव्हतं. त्यांना पाय ऐकू आला होता, पेडलवरचा, आपल्या पोराचा.

ते चिखलातून बाहेर यायला निघाले. रोपांची मूठ त्यांनी काकींच्या हातात दिली. ओळीतली एक बाई ओरडली, "दादा, अर्धं खाचर राहिलंय की."

"राहू दे," दादा म्हणाले.

गाडीजवळ आले, मागच्या दाराशी थांबले, आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या आपल्या पायांकडे बघून मग माझ्याकडे बघितलं. या वेळी देवळाचं काही बोलले नाहीत. मी दार उघडून धरलं. तो चिखल अजून माझ्या मागच्या गालिच्यावर आहे. मी धुतलेला नाही, धुणार नाही, आणि गुजरातेतल्या माझ्या मित्रांना याचं कारण सांगत नाही.

मंगेशने मागे वळून बघितलं नाही. "कुठं न्यायची?" म्हणाला.

"घाटात," मागून आवाज आला.

मी खाली उतरलो. गाडी गेली. मी रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभा राहिलो. माझी गाडी मी बाहेरून कधी ऐकली नव्हती. मंगेश प्रत्येक वळणाच्या आधी घाबरत होता, बरोबर जागी, आणि मग निर्धास्त बाहेर पडत होता. आवाज पोलादपूरच्या बाजूला बारीक होत गेला. काकी रोपांची मूठ घेऊन बांधावरच उभ्या होत्या, लावणी सगळीच थांबली होती.

दोन तासांनी परत आले. वर काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. मंगेशने शेडपुढे गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आरशात बघत तसाच बसून राहिला. मी मागच्या काचेतून आत वाकलो. दादा मधोमध बसले होते, मान मागे टाकून, तोंड उघडं, पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला, आणि चांगले घोरत होते.

"उठवू का?" मी विचारलं.

"नको," मंगेश म्हणाला. "झोपू दे त्यांना."